एकच चेहरा पेलणारं मशीन

"उचलून तर बघ माला," शिरीष म्हणाला आणि तो पातळ लॅपटॉप बोटांवर तोलत माझ्यापुढं धरला. "सव्वा किलो. तुझ्या जेवणाच्या डब्याएवढा."

"डब्यात भाकरी तरी असते," मी म्हणाले. "ह्यात काय आहे ते सांग."

अंकुशदादा हसला. त्याचा जीव आधीच दुसऱ्या मशीनवर बसला होता. ते काळं, जाड, मागून लाल पट्टा असलेलं. तीन किलोच्या आसपास, आणि त्याचा चार्जरच भाजक्या विटेएवढा. चालू केलं की त्याचा पंखा घुं घुं वाजायचा आणि दादाला त्या आवाजातच ताकद दिसायची.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. विट्यात स्टँडच्या मागं अंकुशदादाचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि मी तिथं सहा वर्षं डिझाइनला बसत होते. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. तालुक्यात काहीही झालं की ते माझ्या पडद्यावर यायचं. मी तोंडाची फटकळ आहे, तेव्हाही होते, पण माझा हात भराभर चालायचा म्हणून दादा ऐकून घ्यायचा. दुकानातला जुना कॉम्प्युटर वीज गेली की बंद पडायचा आणि वीज रोज जायची. म्हणून लॅपटॉप घ्यायचं ठरलं. शिरीषचं दुकान समोरच. त्यानं दोन मशिनं आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, दिवसभर वापरा, संध्याकाळी एक ठेवा, एक परत द्या.

मी कशाला लाजू? मी तालुक्याचे पुढारी आप्पासाहेब यांच्या वाढदिवसाची फाइल दोन्हीवर टाकली. वीस फूट बाय दहा फूट, मधे आप्पासाहेब, खाली सेहेचाळीस शुभेच्छुक. आमच्या धंद्यात शुभेच्छुक हे मोठं जोखमीचं काम. कुणाचं डोकं शेजारच्यापेक्षा बोटभर लहान दिसलं की दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण. जड मशीननं ती फाइल पापणी लवायच्या आत उघडली. हलक्यानं पांढरा पडदा दाखवला आणि गप्प बसलं.

"बघ, बसलं मटकन," मी म्हणाले. "शिरीष, हे तू कॉलेजच्या पोरींना वीक. मला काळं पाहिजे."

"मी तेच म्हणत होतो," दादा म्हणाला.

सहा वर्षांत आमचं दोघांचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं. शिरीष हलक्या मशीनचं खोकं शोधायला लागला आणि तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. संग्राम माने. सहा किलोमीटरवर मान्यांचा मळा आहे, तिथला. त्याची चुलती सुलाबाई वारल्या होत्या, नववा दिवस होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दशक्रिया. त्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला होता आणि आमच्या माणसांनी तो पहाटेच मळ्याच्या फाट्यावर लावला होता.

संग्रामनं गाडीवरून उतरता उतरताच मोबाइल माझ्यापुढं केला. तोंड काळंठिक्कर पडलेलं.

"घ्या ताई. बोला. फ्लेक्सवरची बाई बोलतीय."

मला कळेना. मी फोन कानाला लावला.

"कोण गं तू?" तिकडून कडक आवाज आला. "तूच का ती फोटुवाली? आगं मी जित्ती हाय! सकाळच्या पारी नात शाळंला निघालेली परत आली पळत, म्हणती, आजी, तुझा फोटू लागलाय, खाली भावपूर्ण लिवलंय. हातातलं पातेलं पडलं माझ्या. मेली कोण, आणि टांगलं कुणाला!"

मी जुन्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. दोन दिवसांपूर्वी संग्रामनं लग्नातला एक ग्रूप फोटो पाठवला होता. पंधरा वर्षांपूर्वीचं लग्न, बायकांची रांग, सगळ्यांचे पदर डोक्यावर. त्यानं खाली लिहिलं होतं, हिरव्या नऊवारीतली काकी. फोटोत हिरव्या नऊवारीतल्या दोघी होत्या. शेजारी शेजारी उभ्या, साडी तीच, काठ तोच. एक समोर बघणारी, तोंड स्वच्छ दिसणारी. दुसरी तिच्या खांद्याआड, मान खाली. मी समोरचीला कापली.

"दोघींची साडी एकच कशी?" मी संग्रामला विचारलं.

"जावा हायत त्या. माझी आई आणि काकी. आहेराच्या साड्या. दोन जावांना दोन तऱ्हेच्या दिल्या तर रुसवे होतात म्हणून सारख्याच घेतात की."

हे मला माहीत नव्हतं होय? माझ्या आईच्या ट्रंकेत अशा सहा साड्या होत्या, सहाही काकूच्या साड्यांच्या जोडीच्या. मला माहीत होतं. मी थांबून विचार केला नाही, एवढंच. चेहरा स्वच्छ होता, कापायला सोपा होता, म्हणून मी तो घेतला.

"पण मी तुला आधी पाठवला होता की दाखवायला," मी म्हणाले. "तू अंगठा पाठवलास!"

"मी गाडीवर होतो, ताई, नीट बघितलंच न्हाई. घरी गेल्यावर मी नानांना दाखवला. नाना म्हणाले, हां, हीच."

नाना म्हणजे रंगराव माने. सुलाबाईंचा नवरा.

अंकुशदादानं डोक्याला हात लावला. "माला, उद्या सगळी भावकी जमणार तिथं. आत्ताच्या आत्ता खरा फोटो मागवून घे, तासाभरात छापू. आणि नीट ऐक, परत असलं झालं तर तुझी खुर्ची राहायची नाही."

"फोटो कोण पाठवणार?" मी विचारलं.

"हा संग्राम पाठवंल."

"नको. एकदा पाठवला तेवढा पुरे. मी स्वतः जाते तिथं. त्या घरातल्या बायकांच्या समोर बसून करते."

"सुतकाच्या घरात मशीन घेऊन? त्यांना दुकानात बोलव."

"दादा, सुतकात बायका घराबाहेर येतात होय? नऊ दिवस त्या आत, आणि ज्यांना तिचं तोंड ठाऊक नाही ते माझ्यामागं खुर्ची टाकून बसणार. तिथंच तर चुकलं."

दादा काळं मशीन माझ्याकडं सरकवत म्हणाला, "जा मग. हे घेऊन जा."

"आमच्याकडं चार वाजेस्तोवर लाइट नसती," संग्राम म्हणाला.

मी शिरीषकडं बघितलं. त्यानं मान खाजवली. "काळं दीड तास चालंल. त्यात काम केलं तर तासभर. हलकं सात तास ओढतं."

मला राग आला, कुणावर ते सांगता यायचं नाही. मी हलकं मशीन पिशवीत घातलं, पिशवी स्कूटीच्या हँडलला अडकवली आणि संग्रामच्या मागून निघाले. फाट्यावर फ्लेक्स दिसला. कै. सौ. सुलोचना रंगराव माने, आणि वर हौसाकाकूंचा, म्हणजे संग्रामच्या आईचा चेहरा, माझ्याच हातानं उजळलेला, कपाळावर मी माझ्या मनानं मोठं केलेलं कुंकू. एक माणूस शिडीवर चढून त्याच्या दोऱ्या सोडत होता. मी मान खाली घालून गाडी पुढं काढली.

माने मंडळींचं घर म्हणजे लांबट सोपा, पुढं ओटा. ओट्यावर पुरुष बसलेले, मधोमध एक वाळकं, उंच माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून. तेच नाना. माझ्याकडं त्यांनी बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी आत गेले.

हौसाकाकू भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. फोटोतल्यापेक्षा पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या, पण नजर तीच समोरासमोरची. शेजारी सुलाबाईंची लेक मंदा, रडून रडून डोळे बारीक झालेली, आणि भावकीतल्या पाच-सहा बायका.

"आलीस व्हय?" काकू म्हणाल्या. "ये. मारलंस मला, आता पाणी तरी पी."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सुतकात पाया पडत नाहीत हे ध्यानात आलं तेव्हा हात लागून गेला होता.

"चुकले, काकू. मी दोघींची साडी बघितली आणि थांबले नाही."

"तू परकी. तुझं काय घिऊन बसलीस?" त्यांनी ओट्याच्या दिशेनं हनुवटी उडवली आणि आवाज चढवला, तिकडं ऐकू जावा असा. "अडतीस वरसं जिच्या हातचं खाल्लं तिचं तोंड वळखू येत न्हाई माणसाला, तिथं तुझी काय कथा!"

मंदा पदर तोंडात धरून हमसायला लागली.

मी मशीन उघडलं. "मला सुलाबाईंचे असतील नसतील तेवढे सगळे फोटो द्या," मी म्हणाले. "आज संध्याकाळच्या आत त्यांचा चेहरा फाट्यावर लागला पाहिजे. मी त्याशिवाय उठत नाही."

मंदानं ट्रंक ओढली. फोटो निघाले चौदा. एकही तिचा एकटीचा नाही. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती कुणीच दिसत नव्हती, घाबरलेली एक बाई एवढंच. बारशाच्या फोटोत बाळ समोर आणि तिच्या कपाळापासून वरचं दिसतंय. सत्यनारायणाच्या फोटोत ती ताम्हण घेऊन वाकलेली. संग्रामच्या लग्नात ती पंगतीत वाढत होती, तोंड आमटीच्या बादलीकडं. एका फोटोत चेहरा चांगला आला होता, पण खांबानं अर्धा खाल्लेला. मी एकेक फोटो मोबाइलवर काढून मशीनवर घेतला.

"कुणी म्हटलंच नाही का कधी, बाई, इकडं बघ?" माझ्या तोंडून गेलं.

"फोटू काढणारा म्हणायचा की," एक म्हातारी म्हणाली. "पर ती म्हणायची, माझा कशाला, पोरांचा काढा."

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणते, कारण ते काम मी एकटीनं केलं नाही. खांबाच्या फोटोतला अर्धा चेहरा घेतला, पंगतीतल्या फोटोतली हनुवटी घेतली, बारशातलं कपाळ. मशीन माझ्या मांडीवर होतं तोवर सगळ्या माझ्या खांद्यावरून वाकत होत्या, कुणाला दिसेना, कुणाचा पदर पडद्यावर. शेवटी काकूंनी ते सरळ उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, तांदूळ निवडायला सूप घ्यावं तसं.

"हिकडं आण. हां. नाक असं न्हवतं हिचं. जरा बसकं होतं."

"काकी, बसकं न्हवतं, छोटं होतं," मंदा म्हणाली.

"तू मला सांगतीस? मी तिला नाकात चमकी घातली होती माझ्या हातानं. घाल गं, चमकी डाव्या बाजूला घाल."

"गोंदण ऱ्हायलं," दुसरी म्हणाली. "भुवयांच्या मधी. तुळस."

"तुळस न्हाई, तीन ठिपकं," काकू म्हणाल्या. "तुळस माझ्या हातावर. आमी दोघींनी एकाच दिवशी गोंदलं, विट्याच्या बाजारात. ती रडली, मी हसले."

मशीन मांडीवरून मांडीवर फिरत होतं. मंदाकडं, तिथून म्हातारीकडं, म्हातारीकडून परत काकूंकडं. प्रत्येक मांडीवर चेहरा थोडा बदलत होता. पदर इतका पुढं घेऊ नका, ती केसांच्या कडेवर घ्यायची. कुंकू एवढं मोठं नको, ती मेण लावून पिंजर लावायची, बारीक. डोळे, डोळे जरा मिटल्यागत कर, उन्हात बघितल्यागत. मी बोटं चालवत होते आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी "फोटो मोठा करा" म्हणत नव्हतं.

दोन वाजले, तीन वाजले. ओठ जमेनात. सगळ्या फोटोंत तिचं तोंड मिटलेलं, घट्ट.

"ती हसायची नाही का?" मी विचारलं.

"हसायची!" काकू म्हणाल्या. "लई हसायची. पर पुढचा दात पडलेला, म्हणून ओठ दाबून हसायची. गाल फुगायचं नुसतं. अशी." आणि त्यांनी ओठ दाबून, गाल फुगवून दाखवलं. बायका हसल्या. हसता हसता मंदा परत रडायला लागली आणि या वेळी काकूही रडल्या, उघड उघड, पदर न लावता. "सुले, सुले," म्हणाल्या, "मी थोरली, मी ऱ्हायले की गं."

मी त्यांच्या दाबलेल्या ओठांकडं बघत होते. मी तसे ओठ केले. गालाला नखाएवढा फुगवटा दिला.

मंदानं पडद्याला हात लावला. मग काकूंनी दाराकडं बघून हाक मारली, "भावजी, आत या."

नाना आत आले. उंबऱ्यातच थांबले. काकूंनी मशीन वळवून त्यांच्याकडं धरलं, एका हातानं, ताट दाखवावं तसं. नानांनी बघितलं. मग आणखी जवळ आले आणि खाली बसले.

"आता बोलंल असं वाटतंय," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी काय दिसलं तुम्हास्नी?" काकूंनी सोडलं नाही.

नानांनी टोपी हातात फिरवली. "पदर दिसला, वैनी. कुंकू दिसलं. हिरवी साडी दिसली. मी म्हटलं, हीच. मी... " ते थांबले. "मी तोंड बघितलंच न्हाई. कधी बघितलं नीट, ते आठवायला लागलोय सकाळपासनं."

काकूंनी नुसतं मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि नानांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

आता फाइल तयार करायची होती. आठ बाय सहा. संग्राम आत आला आणि खिशातून यादी काढली. "ताई, खाली शोकाकुल म्हणून चौदा फोटो टाकायचेत. आप्पासाहेबांचा जरा मोठा. आमच्या मंडळाचे सगळे."

मी यादीकडं बघितलं. चौदा पुरुष. मग पडद्याकडं बघितलं.

खरं सांगते, चौदा चेहरे त्या मशीननं घेतले असते, रडत-खडत का होईना. पण मी म्हणाले, "मशीन घेत नाही."

"म्हंजे?"

"हलकं मशीन आहे संग्राम. एकच चेहरा पेलतंय. दुसरा टाकला की हा जाईल."

"पण आप्पासाहेब..."

"मग एकच लाव," काकू म्हणाल्या. "आप्पासायब काय मेल्यात? त्यांचं त्यांच्या वाढदिवसाला लावा."

संग्रामनं यादी परत खिशात घातली. मी फाइल मोबाइलच्या नेटवरून दुकानात पाठवली. दादाचा लगेच फोन. "माला, फाइल एवढीशीच कशी? आठ बाय सहा छापल्यावर फोटो फुटंल की!"

"नाही फुटणार. फाट्यावरचा फ्लेक्स माणूस वीस फुटांवरून बघतंय, भिंग लावून नाही. छापा."

"पण..."

"छापा दादा. खुर्ची माझीच जाणार आहे ना? मग छापा."

मी मशीन बंद केलं. त्यात अजून तीन तासांची बॅटरी होती. मी निघाले तशी काकूंनी माझ्या मनगटाला धरलं आणि मागच्या अंगणात नेलं, पांढऱ्या भिंतीशी.

"माझा काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फोटू. एकटीचा. आत्ता. ह्या मुडद्यांचा मला भरवसा न्हाई. उद्या मी मेले तर पंगतीतनं कापतील मला." त्यांनी पदर मागं घेतला, केसांच्या कडेपर्यंत, आणि अंगठ्यानं कुंकू नीट केलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं हौसा, सुतकात कसला फोटू काढतीस?"

"मेलेल्या बाईला कसलं गं सुतक?" काकू म्हणाल्या. "सकाळी फाट्यावर टांगली होती मला."

आणि त्या हसल्या, तोंड उघडून, सगळे दात दाखवत, डोळ्यांत पाणी तसंच. मी तेवढ्यात फोटो काढला.

संध्याकाळी उन्हं असतानाच नवा फ्लेक्स लागला. मी परत जाताना फाट्यावर थांबले. नाना एकटेच खाली उभे होते, टोपी काढून. गाडी चालू केली आणि दुकानात आले.

दादा आणि शिरीष वाटच बघत होते. काळं मशीन टेबलावर, पंखा घुं घुं करत.

"सुटलो एकदाचे," दादा म्हणाला. "दे शिरीषला ते परत आणि आपल्या मशीनवर बस."

मी पिशवी खांद्यावरून काढली नाही. "हे ठेवायचं. ते परत द्या."

"सकाळी तर तू म्हणालीस, बसलं मटकन!"

"सकाळी म्हणाले. आता हे म्हणते."

"आणि वीस बाय दहा कोण उघडणार? तुझा बाप?"

"जुना कॉम्प्युटर उघडंल."

"वीस मिनिटं लावतो तो!"

"लावू दे की. जिवंत माणसांना थांबायला काय होतंय? दादा, हे घेऊन मी घरोघरी जाणार. तालुक्यात बाई गेली की तिच्या घरच्या बायकांपुढं बसून तिचा फोटो करणार. ते विटेचं धूड घेऊन मला चुलीपुढं बसता येत नाही, आणि ते कुठल्या म्हातारीच्या मांडीवर राहत नाही. तुम्हाला काळंच पाहिजे असलं तर घ्या. पण मग त्यावर बसायला दुसरं माणूस बघा."

नोकरी गेली असती तर घरी काय सांगणार, हे मी ठरवलेलं नव्हतं. दादानं माझ्याकडं बघितलं, शिरीषकडं बघितलं, मग मोबाइल काढून मला दाखवला. शिडीवरच्या माणसानं पाठवलेला फोटो होता, फाट्यावरच्या फ्लेक्सचा.

"ही कोण बाई आहे गं?" दादा म्हणाला. "मी ओळखत नाही, पण कधीतरी भेटलीय असं वाटतं." आणि मग शिरीषला, "काळं उचल बाबा. हिच्या तोंडाला कोण लागणार?"

ते हलकं मशीन मी सात वर्षं वापरलं. बिजागरी दोनदा बदलली. अकरा गावांतल्या बायकांच्या मांड्यांवर ते बसलं. आणि मी जिथं जाईन तिथं काम झाल्यावर कुणीतरी एकजण मला मागच्या दारी न्यायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, माझापण काढून ठेव. त्या फोटोंची मी एक वेगळी जागा केली. तिला नाव दिलं, हौसाकाकू.

मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. काकू त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, ठणठणीत. बाजारात भेटल्या की लांबूनच ओरडायच्या, "अजून हाय गं मी!" गेल्या वैशाखात गेल्या. संग्राम दुकानात आला. दुकान आता माझं आहे, दादा नुसता सकाळी येऊन पेपर वाचतो. संग्रामचेही केस पिकलेत. त्यानं मोबाइल काढला.

"ताई, फोटो पाठवतो. धाकट्याच्या लग्नातला आहे, निळ्या साडीत..."

"राहू दे," मी म्हणाले. "माझ्याकडं आहे."

मी फोटो उघडला. पांढरी भिंत, केसांच्या कडेवर पदर, सगळे दात दिसताहेत. पडदा त्याच्याकडं वळवला. त्यानं ओझरतं बघितलं आणि मान हलवून यादी काढायला खिशात हात घातला.

"असं नाही," मी म्हणाले. "यादी राहू दे. खुर्ची ओढ, पुढं बस. नीट बघ. आणि तोंडानं सांग, हीच ना?"

संग्राम बसला. यादी त्याच्या हातात तशीच राहिली. दादानं पेपर खाली ठेवला. संग्राम बघत राहिला, कपाळ, डोळे, उघडं तोंड, आणि बघता बघता त्याची हनुवटी हलायला लागली.

"हीच," तो म्हणाला. "आई."